पीटीएच की एफजीएफ-२३: व्हिटॅमिन डीचं बटण कोणाच्या हातात?

गोळी घेतली, उन्हात बसलं की डी मिळालं असं आपल्याला वाटतं, पण ते अजून झोपलेलंच असतं. लिव्हरमधून जाऊन शेवटी किडनीत सीवायपी२७बी१ हे जीन काम करतं तेव्हा ते खरं ॲक्टिव्ह होतं, आणि सीवायपी२४ए१ हे दुसरं जीन त्याची वाट लावतं. या दोन जीन्सवर दोन हार्मोन्सचा ताबा असतो.

पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईड हार्मोन, गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींतून येतं, रक्तात कॅल्शियम कमी झालं की लगेच, आणि पहिलं जीन वाढवतं, दुसरं दाबतं. एफजीएफ-२३ हे दुसरं हार्मोन बरोब्बर उलटं करतं, ते हाडांतून येतं, फॉस्फेट जास्त झालं की, आणि त्याला किडनीत क्लोथो नावाचं जोडीदार प्रोटीन लागतं. गंमत म्हणजे लघवीतून फॉस्फेट बाहेर काढायचं काम मात्र दोघंही करतात!

मला एफजीएफ-२३ जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण किडनीच्या जुनाट आजारात ते लवकरच वाढायला लागतं, ॲक्टिव्ह डी घटतं आणि मग पीटीएच चढतं. काही मुलांना जन्मजात दोषामुळे हेच हार्मोन जास्त असतं, पाय वाकतात, अशा मुडदूसात साध्या डीच्या गोळ्यांनी भागत नाही हो. त्यांच्यासाठी बुरोसुमॅब हे एफजीएफ-२३ अडवणारं इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.