लेटरबॉक्सिंगसाठी चार कड्यांचा डबा: एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

लेटरबॉक्सिंग म्हणजे टपालपेटीत पत्रे टाकणे नव्हे, तर मोकळ्या जागेत लपवलेले डबे शोधण्याचा छंद. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने येणाऱ्यांच्या कार्डांसाठी एक बाटली ठेवली, तेथून हा छंद सुरू झाला. आता डब्यात एक वही आणि हाताने कोरलेला रबरी शिक्का असतो. शोधणारा तो शिक्का आपल्या वहीत उमटवतो, स्वतःचा डब्यातील वहीत उमटवतो आणि डबा होता तसाच लपवून निघतो.

पुण्याच्या बोहरी आळीतून घेतलेला, झाकणाला सिलिकॉनची पट्टी असलेला चार कड्यांचा पारदर्शक डबा मी जूनमध्ये मुळशीतील एका स्नेह्यांच्या शेतात, त्यांच्या परवानगीने, बांधालगतच्या मोठ्या दगडाच्या कपारीत ठेवला. (वेताळ टेकडीवर वनखात्याच्या जागेत न विचारता काही ठेवणे मला मान्य नाही.) ऑक्टोबरमध्ये उघडला तेव्हा वही कोरडी होती. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे मोल कळेल. मात्र कपारीबाहेर उघड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या डब्याची एक कडी तडकली, कारण असे प्लास्टिक सतत उन्हात राहिले की ठिसूळ होते.

डबा उत्तम असला तरी शेवटच्या माणसाने पट्टीवरची माती पुसून चारही कड्या लावल्या नाहीत, तर पाणी शिरतेच. म्हणून वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिप पिशव्यांत घालावेत आणि शिक्क्यावरची ओली शाई पुसूनच तो परत ठेवावा. खाऊचा जुना डबा वापरू नये, वासाने मुंग्या येतात. लपवण्यासाठी काळी चिकटपट्टी गुंडाळण्याचा मोह टाळावा, कारण तसे पुडके सापडले तर कोणीही घाबरून पोलिसांना बोलावील. डबा पारदर्शकच असावा, त्यावर ‘लेटरबॉक्स, कृपया जागेवर ठेवा’ असे ठळक लिहावे आणि आडोसा जागेचाच घ्यावा. त्यासाठी जमीन खणू नये, बांधाचे किंवा जुन्या वास्तूचे दगड काढू नयेत, रचलेली रास दिसू देऊ नये. कपारीत हात घालण्याआधी काठीने चाचपावे, विंचू असू शकतो. आसपास कोणी असेल तर तो पुढे जाईपर्यंत थांबावे.

मोठा डबा कपारीत मावत नाही आणि बाहेर डोकावतो, त्यामुळे मी पुन्हा घेईन तो लहान आकाराचाच.