तरवड की कोरांटी?

फारसं पाणी न मागणारं, मूळचं इथलंच आणि भुंगे-फुलपाखरांच्या कामाचं एकच झुडूप लावायचं असेल, तर जमिनीत तरवड आणि कुंडीत कोरांटी, असा आमचा सरळ कौल आहे. बागेत कोण यावं असं वाटतं, त्यावर मात्र तो बदलू शकतो.

तरवडाच्या पिवळ्याधमक फुलात मकरंद नसतो, असतात ते फक्त पराग, आणि तेही परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतात. मोठा काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते झडतात. मधमाशीला ही थरथर जमत नाही. फुलपाखरं येतात ती पानांवर अंडी घालायला. एमिग्रंट जातीच्या हिरव्या अळ्या फांद्या ओरबाडून ठेवतात. फवारणी करू नका, पालवी पुन्हा फुटते. पानाच्या दांड्यावरच्या, गोड रस देणाऱ्या ग्रंथींसाठी मुंग्या फिरतात, तो रोग नव्हे.

बी टणक कवचाचं असतं. तसंच पेरलं तर बरंचसं उगवतच नाही. पॉलिश पेपरवर एक बाजू घासा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि फुगलेलं बी जूनमध्ये एक सेंटिमीटर खोल, कायमच्या जागीच पेरा. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं रोप हलवलं की बहुधा दगावतं. पहिला उन्हाळा आठवड्याला एकदा पाणी द्यावं, पुढे गरज नाही. मुरमाड जमीन चालते. पाणी साचलं की मुळं कुजतात. नर्सरीत तरवड म्हणून दुसराच कॅशिया (तरवडाच्याच गोतावळ्यातलं झाड) गळ्यात मारतात. पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी मोठी, गोल उपपर्णं दिसली तरच घ्या.

कोरांटी म्हणजे इथे पिवळी काटेकोरांटी, ती लावायला सोपी. पावसाच्या तोंडाला दोन-तीन पेरांची, १०-१५ सेंटिमीटरची काडी खोचली की साधारण महिन्यात मुळं धरते. कुंडी १२ इंची, मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू. फुलांच्या नळीत मकरंद असल्याने मधमाश्या, फुलपाखरं, शिंजीर पक्षी सगळे येतात. पावसाळा सरता सरता बहर येतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छाटलंत तर तोच कापला जाईल. छाटणी फेब्रुवारीत करा. काटे खरोखर बोचतात, तेव्हा लहान मुलांच्या वाटेवर कुंडी नको. वाळलेली बोंडं तडकून बी लांब उडतं आणि शेजारच्या कुंड्यांतही रोपं उगवतात.

एकाच हंगामापुरती जागा असेल तर खुळखुळा पेरावा, मात्र त्याच्या शेंगा शेळ्या-गुरांच्या तोंडी लागू देऊ नयेत. बी विषारी असतं.