लक्ष्मीपुरीतला चटणीचा डंक

दर उन्हाळ्यात चटणी, म्हणजे मिरचीचा मसाला, कुटायला कोल्हापुरातल्या इथल्याच डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, येते. यंदा मटणाला चोळायचा कोरडा मसाला करून घेतला: रंगाला अर्धा किलो ब्याडगी, तिखटाला पाव किलो संकेश्वरी, शिवाय धने, मिरी, दगडफूल. कांदा-लसूण मुद्दाम नाही, ओलीनं मसाला टिकत नाही. डंकावरच्या मावशी आधी एक मिरची मोडून बघतात. कट्‌कन मोडली नाही तर परत उन्हात घालायला पाठवतात. मला पाठवलंच! दुसऱ्या दिवशी समोर उभी राहून कुटून घेतला, दोनदा चाळून. पूड हाताला जेमतेम कोमट, करपट वास अजिबात नाही. किलोभर मटण पुसून कोरडं केलं, मीठ आणि दोन चमचे मसाला चोळून तासभर ठेवलं. मंद आचेवर परतताना दगडफुलाचा वास जिन्यापर्यंत गेला. एप्रिलमध्ये रांग फार, सकाळीच जावा.