वास्कोतील मराठी उपासना : जेवणाची पंगत मोठी, प्रभुभोजनाची लहान

नोकरीनिमित्त गोव्यात आलेल्या आणि मराठीतूनच प्रार्थना करण्याची सवय असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी वास्को येथे भाड्याच्या सभागृहात दर रविवारी सकाळी उपासना भरते. कॅथॉलिक पॅरिश चर्चमधील मिस्सा, म्हणजे तेथील उपासना, बहुधा कोकणीत किंवा इंग्रजीत होते, आणि येथे येणाऱ्यांपैकी बरेच जण कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या भागांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वाढलेले आहेत. त्यामुळे अशा सहभागितेची गरज खरी आहे. सभागृहाला फलक नाही, ओळखीच्या माणसाला विचारूनच पोहोचावे लागते.

सध्या प्रेषित पौलाने बंदिवासातून फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रावर संदेश चालू आहेत आणि पाळकांची तयारी जाणवते. दुसऱ्या अध्यायात पौल आधी एकचित्त व्हा म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ माना असे सांगतो. मते जुळेपर्यंत तो थांबत नाही, मान आधी कोणी सोडायचा हे विचारतो आणि उत्तरादाखल स्वतःला रिक्त करणाऱ्या ख्रिस्ताकडे बोट दाखवतो. चौथ्या अध्यायातील युवदीया आणि सुंतुखे या त्या मंडळीतील दोन स्त्रियांच्या वादात चूक कोणाची हे पौल लिहीत नाही, मात्र विनंती दोघींनाही स्वतंत्रपणे करतो, हे पाळकांनी फार चांगले उलगडले.

या शिकवणीचा काही भाग सभागृहात दिसतोही. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा देण्याबद्दल जी कानउघाडणी आहे, तिची येथे गरज भासत नाही. राखीव खुर्च्या नाहीत, गोदीतला कामगार आणि नौदलातला अधिकारी शेजारी बसतात, आणि उपासनेनंतरच्या जेवणाची भांडी मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठच, घासतात. (स्वयंपाक मात्र अजून स्त्रियांच्याच वाट्याला येतो.) नारायण वामन टिळकांची गीते पेटी-तबल्यावर मनापासून गायली जातात, पण ध्वनिक्षेपक घुमतो.

खरी अडचण प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या वेळी येते. प्रौढपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा झालेल्यांनाच भाकर आणि प्याला दिला जातो, आणि ही अट आधी कोणी सांगत नाही. लहानपणी शिंपडून बाप्तिस्मा झालेल्या, आयुष्यभर मेथडिस्ट मंडळीत राहिलेल्या एका आजींसमोरून प्याला पुढे गेला, तेव्हा त्यांनी पदर सावरून मान खाली घातली. प्रभुभोजनाला अटी असणे नवे नाही, कॅथॉलिक चर्चमध्येही त्या आहेत, आणि प्रत्येक मंडळीला आपला सिद्धान्त जपण्याचा हक्क आहे. परंतु करिंथकरांना एकमेकांसाठी थांबायला सांगणाऱ्या पौलाचे वचन वाचून झाल्यावर लगेच असे घडावे, हे खटकते. शिवाय हा प्रश्न सुटण्यासारखा नाही असेही नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा शिशुबाप्तिस्मा आणि प्रौढबाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना तिच्यात स्थान देण्यात आले.

दुसरी तक्रार संदेशातील शेऱ्यांची. नवेना (कॅथॉलिकांची नऊ दिवसांची प्रार्थना) आणि फेस्त (चर्चचा सण) यांची टिंगल अधूनमधून होते, आणि तीही गोव्यात, जिथे भिंतीपलीकडचा शेजारी त्याच ख्रिस्ताच्या नावाने मेणबत्ती लावत असतो. दरवर्षी 18 ते 25 जानेवारी या काळात अनेक देशांत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळला जातो. येथे त्याची घोषणासुद्धा ऐकली नाही.

तरीही मुलांना मराठीतून पवित्र शास्त्र ऐकवायचे असेल आणि परक्या गावी चार आपली माणसे हवी असतील, तर येथे जरूर जावे. प्रभुभोजनाबद्दल विचारले असता एका वडिलांनी वाद न घालता ऐकून घेतले आणि विषय वडिलांच्या बैठकीत मांडण्याचे कबूल केले. निर्णय होईपर्यंत, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते हे लक्षात ठेवून, नव्याने येणाऱ्यांनी दारातच विचारून घ्यावे.