परत मिळालेले जुने इंजेक्टर माझ्या गाडीचे नव्हतेच

नारायणगाव परिसरातील टोमॅटोचे क्रेट माळशेज घाटामार्गे कल्याणच्या बाजारात पोहोचवणे हा माझा व्यवसाय आहे आणि गाडी मी स्वतःच चालवतो. अडीच लिटर कॉमन रेल डिझेल इंजिनाची (ज्यात एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरांना जास्त दाबाने डिझेल पुरवले जाते) माझी पिकअप ३ लाख १२ हजार किलोमीटर धावली आहे. हंगामात एक दिवसही गाडी उभी ठेवणे परवडत नसल्यामुळे इंजिनाचे ट्यूनिंग मी जवळजवळ वर्षभर पुढे ढकलले होते. परिणामी ॲव्हरेज लिटरला १३ किलोमीटरवरून १० वर आले, काळा धूर वाढला आणि माल उतरवून परतताना रिकामी गाडीसुद्धा घाटात दुसऱ्या गिअरवर चढवावी लागू लागली.

अशा अवस्थेत मी गाडी महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये नेली. तेथील मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडले, त्यातून येणारी वाफ दाखवली आणि इंजिनाचेच काम निघाले असल्याचे सांगितले. एवढ्या चाललेल्या डिझेल इंजिनातून झाकण उघडल्यावर थोडी वाफ येतेच आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय त्यावरून काहीही ठरवता येत नाही, हे मला नंतर समजले. त्या वेळी मात्र मी घाबरलो. मी घाबरल्याचे पाहून त्याने मधला मार्ग सुचवला: इंजिन न उघडता चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, नवे टाकून ‘फुल ट्यूनिंग’ करायचे. ट्यूनिंग हा शब्दच येथे घात करतो, असे माझे मत आहे. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत त्याचा अर्थ स्पार्क प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटर यांचे काम असा ठरलेला होता. कॉमन रेल डिझेलमध्ये यांपैकी काहीच नसते, त्यामुळे या एका शब्दाखाली गॅरेजवाला वाटेल ते काम बिलात घालू शकतो.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. चार इंजेक्टरांचे प्रत्येकी ११,५०० रुपये, शिवाय फिल्टर, ऑइल आणि मजुरी धरून ५३,६०० रुपये झाले होते. त्यांपैकी २०,००० मी यूपीआयने दिले आणि उरलेले रोख. काढलेले भाग परत मागून घ्यावेत, हा नेहमीचा सल्ला मला ठाऊक होता. म्हणून मी ते मागितले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार काळवंडलेले इंजेक्टर त्याने निमूटपणे माझ्या हाती ठेवले. गाडीही खरोखर चांगली ओढू लागली होती, त्यामुळे माझ्या मनात संशय उरला नाही.

दीड महिन्यात गाडी सकाळी लवकर सुरू होईना. तेव्हा मी ती चाकणजवळच्या एका इंजेक्टर दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. त्याने प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली जोडून इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. तीन बाटल्यांत डिझेल जवळपास सारखे जमा झाले, तिसऱ्या इंजेक्टरची बाटली मात्र बरीच आधी भरली, म्हणजे तो आतून गळत होता. नवे इंजेक्टर इतक्यात कसे खराब झाले, असे मी विचारल्यावर त्याने ते काढून दाखवले. वरून धुतलेले होते, पण खालच्या तांब्याच्या वॉशरवर जुना कार्बन घट्ट बसला होता.

खात्रीचा पुरावा माझ्या फोनमध्येच निघाला. पहिल्या दिवशी मिस्त्री इंजिन दाखवत असताना माझ्या पुतण्याने व्हिडिओ काढला होता. कॉमन रेलच्या इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड असतो. व्हिडिओ थांबवून पाहिले असता दुसऱ्या इंजेक्टरचा कोड स्पष्ट वाचता आला, आणि तोच इंजेक्टर आता समोरच्या टेबलावर पडलेला होता. गॅरेजवाल्याने एकही इंजेक्टर बदलला नव्हता. त्याने एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलला आणि टर्बोच्या पाइपची सैल झालेली क्लिप आवळली, एवढ्यावरच गाडी सुधारली होती. माझा खरा खर्च तेवढाच, आणि त्या एका इंजेक्टरच्या दुरुस्तीचे ४,२०० रुपये, इतकाच होता.

म्हणून कळकळीने सांगतो की जुने भाग परत घेण्यावर थांबू नका. गाडी देण्यापूर्वी चारही इंजेक्टरांच्या कोडचे फोटो काढा आणि काम झाल्यावर बसवलेल्या इंजेक्टरांशी ते जुळवून पाहा. बिल जीएसटी क्रमांकासह छापील घ्या. मला मिळालेल्या कच्च्या पावतीवर गॅरेजचे नावच नव्हते, आणि जाब विचारायला गेलो तेव्हा मालकाने तेच कारण पुढे करून मला परत पाठवले. गाडी धंद्याची असल्यामुळे ग्राहक आयोगात जाता येत नाही, हा समजही खरा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी विकत घेऊन स्वतः वापरलेल्या वस्तूचा वापर व्यापारी हेतूचा मानला जात नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. व्हिडिओ, यूपीआयची नोंद आणि दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी अहवाल जोडून मी तक्रार दाखल केली आहे.

वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते चार इंजेक्टर अजून माझ्याकडे आहेत. ते दुसऱ्याच मॉडेलचे आहेत आणि त्यांवरील कोड मी लिहून ठेवले आहेत. त्याच रस्त्यावर अलीकडे कोणी इंजेक्टर बदलून घेतले असतील आणि त्यांच्याकडे स्वतःच्या जुन्या इंजेक्टरांचे फोटो असतील, तर त्यांनी माझ्याकडचे कोड जरूर जुळवून पाहावेत.