दशपर्णी अर्क: पराटी (कपाशी) आणि वांग्यावर एका हंगामाचा अनुभव

दशपर्णी म्हणजे दहा झाडांचा पाला आंबवून घरीच केलेला, किडीवर फवारायचा अर्क. निकाल आधी सांगते. मावा, तुडतुडे आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बारीक अळ्या, एवढ्यांवर दशपर्णी चालतो. तोही कीड वाढायच्या आधीपासून आठ-दहा दिवसांनी फवारत राहिलं तर. वाढलेल्या अळीला त्याचं काही वाटत नाही. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तर तो पोचतच नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा, डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करा. तिथं दशपर्णीच्या भरवशावर बसू नका.

आमचं वावर वर्धा जिल्ह्यात. कोरडवाहू पराटी, त्यात तूर, आणि विहिरीजवळ थोडी वांगी-मिरची. अर्काकडे वळायचं कारण खर्च होतंच, पण भीतीही होती. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पराटीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून घरात पंप पाठीवर घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे.

साहित्य धुऱ्यावर (बांधावर) आणि नाल्याकाठी फुकट मिळतं, हे खरं. कडुनिंबाचा पाला 5 किलो, आणि निर्गुडी, करंज, सीताफळ, रुई, एरंड, पपई, गुळवेल, घाणेरी, कण्हेर यांचा प्रत्येकी 2 किलो. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा 2 किलो, लसूण पाव किलो, देशी गाईचं शेण 3 किलो, गोमूत्र 5 लिटर, आणि 200 लिटरच्या प्लास्टिक ड्रमात पाणी. सावलीत महिनाभर आंबवायचं, रोज दोन-तीनदा ढवळायचं. फुकट नाही ती मिरची, लसूण आणि मजुरी. पाला तोडून बारीक करायला दोन माणसांचा दिवस जातो, हा हिशेब कुणी सांगत नाही. ढवळायचं काम सासूबाईंनी घेतलं. काठी उजवीकडूनच फिरवायची असं त्यांना कुणीतरी बजावलं होतं. त्या नसताना मी डावीकडून फिरवत होते, अर्काला काही फरक पडला नाही!

पेरणीनंतर लवकर हाताशी हवा असेल तर ड्रम मे महिन्यातच भरावा लागतो. त्या वेळी आमच्या सीताफळीला पुरेसा पाला नव्हता, म्हणून निर्गुडी वाढवली. प्रमाण 100 लिटर पाण्याला अडीच लिटर, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला पावणेचारशे मिली. गाळणं नीट करा. एकदा फडक्यातून गाळून भागत नाही, जुन्या नायलॉनच्या साडीची दुहेरी घडी लागते, नाहीतर नोझल सारखं तुंबतं. पानावर थर बसावा म्हणून रिठ्याचं पाणी घालते. फवारणी उन्हं कलल्यावरच, कारण कडुनिंबातलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतं. पाऊस आला की पुन्हा फवारायचं. आमच्याकडच्या ऑगस्टमध्ये हे किती पटतं ते तुम्हीच ठरवा.

पराटीच्या काही ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या. तिथं पानांच्या कडा लालसर होऊन मुरडल्या, फवारलेल्या ओळींत तसं फार थोडं झालं. तुडतुडे फवारलेल्या ओळींतही होते, पण पान उलटून बघितलं तर एक-दोन. मावा खाणारे ढालकिडेही टिकून होते. कंपनीचं औषध मारलं की आधी तेच गायब व्हायचे. वांग्यात मात्र शेंडे सुकले, फळंही किडली. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी एकदा आत गेली की वरून कितीही मारा. शेवटी सुकलेले शेंडे रोज तोडून लांब पुरले. फरक दिसला तो त्याच्यानं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणून आमच्याकडं माणसं उघड्या हातांनी रुई तोडतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याच्या बुबुळाला इजा होते. कण्हेरीतलं विष थेट हृदयावर काम करतं. घाणेरी खाऊन जनावरांचं यकृत बिघडतं, ऊन लागलं की कातडी सोलते. कीड मारणारं विष माणसाला ओळखून सोडत नाही. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचा सदरा हे दशपर्णीलाही लागतंच. कोणी त्यात धोत्रा घालतात. मी घालत नाही, आणि वांगी-मिरचीसाठीच्या ड्रमातून कण्हेरही काढून टाकली. ज्या भाजीची तोडणी दर चार दिवसांनी होते, तिच्यावर हृदयाला लागणारं विष कशाला? दहाच पानं हवीत असा काही कायदा नाही. कण्हेरीवाचूनचा अर्क मला तरी कमी पडलेला दिसला नाही.

गाजर गवताचं तेच. फुकटचं, ढिगानं उगवलेलं, तेव्हा तेही ड्रमात टाका असा सल्ला मिळतो. त्याच्यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं अंगाला खाज सुटते, काहींना कायमची त्वचेची व्याधी जडते. फुलावर येण्याआधी मोजे घालून उपटायचं आणि खतात कुजवायचं, यापलीकडे मी त्याच्याशी संबंध ठेवत नाही.

घाईत असाल तर निंबोळी अर्क बरा. 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून 100 लिटर करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. महिनाभर थांबावं लागत नाही. पावसाळ्यात झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या मात्र आदल्या वर्षीच गोळा करून वाळवलेल्या हव्यात.

‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ लिहिलेली एक बाटलीही आणून पाहिली. रात्रीत अळ्या मरून खाली पडल्या. घरचे खूश, मी साशंक. वनस्पतीचे अर्क बहुधा किडीचं खाणं आणि वाढ थांबवतात, असा झटका सहसा देत नाहीत. लेबलवर नोंदणी क्रमांक शोधला, तो नव्हता. आत काय मिसळलंय कुणास ठाऊक. उरलेली बाटली वापरली नाही.

पुढच्या हंगामात पराटीला दशपर्णी सुरुवातीच्या दोन महिन्यांपुरता ठेवणार आहे, आणि वांग्याला निंबोळी अर्क. ड्रमातला चोथा मी धुऱ्यावर टाकत नाही, खड्ड्यात पुरते. शेळ्या तिकडूनच जातात.