आठ महिने धुक्यात: फ्लाइट सिमच्या वेदर अॅडऑनचा वापरानंतरचा अनुभव

फ्लाइट सिम म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम, त्यात हवामान दाखवणारं हे जोड-सॉफ्टवेअर दिवाळीच्या बोनसमधून घेतलं होतं, आता जून लागला. नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे शिव्या पण आहेत आणि मला वाद नकोयत. मशीन साधंच, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, बत्तीस जीबी रॅम, विमान बहुतेक वेळा एअरबस ए३२०.

आधी हेझ, म्हणजे हवेतलं धुरकं, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. जुन्या सिममध्ये व्हिजिबिलिटी कमी केली की चारी बाजूंनी एकाच अंतरावर करडा पडदा टांगल्यासारखं व्हायचं, कुठेही बघा तेच. इथे मार्चमध्ये मुंबईला संध्याकाळी रनवे २७ वर उतरत होतो. तोंड पश्चिमेला, आणि मार्चमध्ये सूर्य मावळतो तो जवळपास रनवेच्याच रेषेत, नाकासमोर. मेटारमध्ये (विमानतळाचा हवामान रिपोर्ट) ३००० एचझेड, म्हणजे हेझ आणि तीन किलोमीटरपर्यंत दिसतंय, तसं पुरेसं वाटतं, पण समोर सगळं तांबूस-पांढरं, घाटकोपरची टेकडी खालून गेली तरी रनवेचा पत्ता नाही, आणि गंमत म्हणून कॅमेरा मागे नवी मुंबईकडे वळवला तर तिकडच्या इमारती बऱ्यापैकी स्वच्छ! आकडा तोच, हवा तीच. हवेतले बारीक कण उजेड पुढच्या दिशेला जास्त फेकतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड असलं की तेच धुरकं चकाकायला लागतं. एवढं एक बरोबर जमवलं म्हणून बाकीचं बरंच माफ करतो. पहाटेकडे दमटपणा वाढत जातो तसे कण पाणी पिऊन फुगतात आणि हवा दुधाळ होत जाते, ते पण यात हळूहळू होतं, बटण दाबल्यासारखं नाही.

धुक्याचं मात्र तसं नाही.

जानेवारीत दिल्ली, लाइव्ह वेदर, म्हणजे त्या वेळचं खरं हवामान सिममध्ये. खरं धुकं तिथे कसं पडतं, तर आदल्या दिवशी पाऊस झालेला, रात्री आभाळ मोकळं, वारा जवळपास नाही, जमीन गार पडत जाते आणि तिला चिकटून थर तयार होतो. कधीकधी हा थर इतका पातळ असतो की वरून सरळ खाली बघितलं तर रनवेचे दिवे स्वच्छ दिसतात, आणि ग्लाइडवर, म्हणजे रनवेकडे उतरत जाणाऱ्या वाटेवर, येऊन तिरकं बघायला लागलात की तेच दिवे गायब, कारण आता नजर त्या थरातून लांबवर आडवी जातेय. मी ही मजा बघायला बसलेलो. अॅडऑनने काय केलं, मेटारमधला जमिनीवरचा आकडा घेतला आणि सहाशे फुटांपर्यंत सरसकट तोच भरून टाकला. वरून बघावं तर नुसती कापसाची गादी. फेब्रुवारीच्या अपडेटनंतर थराची जाडी बदलायला लागली, पण अजून दहातल्या तीन-चार वेळाच पटते. आपल्या पुण्याची आयआयटीएम (हवामानशास्त्राची संस्था) २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुकं मोजत बसलीय, म्हणजे विषय अवघड आहे हे कबूल, पण निदान रोज सहाशे फूट तरी नको.

दुसरी तक्रार दिव्यांची. तीन डिग्रीच्या ग्लाइडवर २०० फुटांवर असताना रनवेची सुरुवात अजून साधारण ८७० मीटर लांब असते आणि कॅट वनला (कमी दिसत असताना उपकरणांच्या मदतीने उतरायचा सगळ्यात साधा प्रकार) आरव्हीआर, म्हणजे रनवेवर किती लांबवर दिसतं तो आकडा, कमीत कमी ५५० मीटर लागते, म्हणजे अगदी काठावर असाल तर त्या क्षणाला रनवे दिसायलाच नको, दिसायला हवेत फक्त रनवेच्या अलीकडचे अॅप्रोच लाइट, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवून खाली जायचं की गो-अराउंड मारायचा (न उतरता परत वर जायचं) हे एक-दोन सेकंदात ठरवायचं. सगळा थरार त्याच्यातच आहे ना! इथे रनवेचे दिवे दोन किलोमीटरवरून धुकं भेदून टिकल्यांसारखे चमकतात, मग काय, उतरलो आरामात. लँडिंग लाइट मात्र भारी केलाय. लावला की समोर पांढरी भिंत. ज्यांनी पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात हाय बीम मारून पस्तावलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मेटार दर अर्ध्या तासाने येतो. एकदा मी ३०० फुटांवर, ८०० मीटर दिसतायत, आणि नवीन मेटार आला की एका फ्रेममध्ये २००. असं धुकं कुठे पडतं का राव? सेटिंगमध्ये ट्रान्झिशनचा स्लायडर आहे, तो दहा मिनिटांवर नेऊन ठेवा, पहिलं काम ते करा.

एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) मोकळ्या हवेत ४५, दाट धुक्यात २४ ते २८. फॉग क्वालिटी हायवरून मीडियमवर आणली तर दिव्यांभोवती दाणेदार वळवळ दिसते, पण मी तसंच चालवतो. सुरुवातीला धुकं कॉकपिटमध्ये पण घुसायचं, सीटवर वाफ! बायको मागून म्हणाली, "एसीचं पाणी गळतंय का रे त्यात?" ते नंतर नीट झालं.

पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलमध्ये घ्या, आणि मुंबई-पुणे-गोवा असं उडणारे असाल तर नक्की घ्या.

एक राहिलंच. मेटारमध्ये ९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा त्याहून जास्त. हे अॅडऑन ते बरोब्बर दहाच धरतं. परवा पहिला पाऊस पडून गेला, सकाळी गच्चीवरून सिंहगडाचा टॉवरसुद्धा दिसत होता, अशी धुतलेली हवा. लगेच सिम लावलं, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून टेकऑफ. तिथून सिंहगड सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, वर गेल्यावर दिसायलाच पाहिजे. दहाच्या पुढे सगळं ताक. शेवटी लाइव्ह वेदर बंद केलं, हाताने साठ किलोमीटर टाकले, तेव्हा कुठे गड दिसला.